शाई धरेना

विनोंगो नदीच्या या काठाला
आम्ही तीन वर्षं काहीच दिलं नाही.
न देणं हेच आमचं काम होतं.
चिठ्ठ्या टाकल्या होत्या सगळ्यांसमोर,
सभामंडपात, गोड चहा, तळलेली केळी:
पलीकडच्या काठाला डास मिळाले,
अलीकडच्याला तुलना.

आता निकाल आलाय. पलीकडे डेंग्यू ओसरला.
म्हणून मी अलीकडे फिरतो,
मोटरसायकलला दोन्ही अंगांनी पांढऱ्या बादल्या बांधून,
दूधवाल्यासारखा.
झाकणांना भोकं, तळाशी पाणी,
माशांच्या खाद्याची चिमूट
आणि कागदाची पट्टी, जिच्यावर
मिरपूड सांडावी तशी अंडी.

डास मारायला आलात का, सगळे विचारतात.
नाही, पाळायला द्यायला.
लोक हसतात. मीही हसतो.
हसण्याचा भत्ता वेगळा मिळत नाही.

बू मार्सिनी हसल्या नाहीत.
ओसरीवर बसून कापडावर मेण ओढत होत्या,
मधूनच तांब्याची चोच ओठांशी नेऊन फुंकत.
मी पाठ केलेलं म्हणू लागलो:
या डासांच्या पेशीत एक जिवाणू राहतो,
फुलपाखरांत असतो, चतुरांत असतो,
जुनाच आहे, फक्त या डासाच्या घरी
कधी उतरला नव्हता.
तो असला की तापाचा विषाणू आत वाढत नाही.
"जागा अडवून बसतो?"
तसंच काहीसं. नक्की कसं, ते अजून शोधताहेत.
त्यांनी कापड उजेडात धरलं.
"मेण लागलं तिथं रंग शिरत नाही. असं?"

चार वर्षांत कुणी मला
इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

चावणार का? चावणार.
पुढच्या डासांत जाईल का?
जाईल. आईकडून, अंड्यातून.
बापाकडून नाही, बू. आईच देते.

इथं मी गप्प व्हायला हवं होतं;
पट्टीवर बोट ठेवून अंडी मोजून दाखवत बसलो.

"माझी वेनिंग सहा वर्षांची होती.
तुमच्या आकड्यांत आहे का ती?"

मेण कढईत तडतडलं.

आहे.
रक्ताची नळी मीच नेली होती दवाखान्यातून,
बर्फाच्या डब्यात, खड्डे चुकवत.
तक्त्यात नाव नसतं. अलीकडचा काठ, एक रकाना,
खाली बेरीज, आणि बेरजेत ती एक.
तिला वजा केलं तर
पलीकडच्यांचं वाचणं सिद्ध करायला
तेवढंच कमी पडेल.
हे बोललो नाही. "आहे" म्हणालो.

"पूल माझ्या दारापासून सत्तर पावलं.
डासाला पूल लागतो?"
"ते लांब उडत नाहीत, बू."
"हं," म्हणाल्या. "माझ्या दारचे तर उडले असते."

मग उठून बादली घेतली.
करमळाच्या झाडाखाली सावलीत ठेवली,
कोंबड्या झाकण पाडतील म्हणून वर वीट,
वीट डगमगते म्हणून खाली चिंधी.
सहीच्या जागी सही केली. पेन परत दिलं.

दोन आठवड्यांनी गेलो तेव्हा
त्या बाजाराला गेल्या होत्या.
पाणी आटलेलं, पट्टी फिकट,
सगळे उडून गेलेले.
एक डास माझ्या मनगटावर बसला.
आमचा की रानचा, डोळ्यांनी कळत नाही.

बादलीवर नियमाप्रमाणे तारीख लिहू लागलो
तर एका जागी शाई धरेना.
मार्कर बदलला. तरी नाही.
बोट फिरवलं:
पांढऱ्यावर पांढरं, उंचवट्यासारखं,
वळणावळणांचं, दोन-तीन अक्षरांएवढं
मेण.

वाचलं नाही.
तारीख खाली लिहिली,
बिल्ल्याच्या जवळ, जराशी तिरकी,
आणि कचेरीत सांगितलं, ही एक बादली
गरम पाण्यानं धुवायची नाही.